शेततळं ‘पाणथळ जागा’ ठरवून सरकार बुजवू किंवा ताब्यात घेऊ शकतं का?

नाही, स्वतःच्या गटात सिंचनासाठी खोदलेलं शेततळं पाणथळ जागेच्या नियमांत येतच नाही. केंद्राच्या 2017 च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांतली व्याख्याच बघा: नदीचं पात्र, भातखाचरं, तसंच पिण्याचं पाणी, मत्स्यपालन किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे तिच्यातून वगळले आहेत. घोळ होतो तो उपग्रहाच्या नकाशांमुळे. इस्रोच्या 2011 च्या नकाशासंग्रहात माणसाने बांधलेले तलावही दाखवले आहेत, आणि ते पाहून गावात आवई उठते. पण नकाशात दिसणं म्हणजे अधिसूचना नव्हे. कुणी तोंडी दम दिला तर अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख लेखी मागा. उन्हाळ्यात मोसंबीची बाग याच पाण्यावर तगते, नुसत्या धास्तीने तळं बुजवू नका.

तुमची जमीन पैठणच्या नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाला, लागून असेल तर मात्र गोष्ट वेगळी. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि 2017 मध्ये त्याच्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. तिथे चालू शेतीला अडकाठी नाही, पण नवं बांधकाम करायचं असेल तर आधी वन विभागाच्या वन्यजीव कार्यालयात चौकशी करा.