‘नुसत्या बोलतच बसल्यात हो या!’

प्रश्न : ताई, आमच्या फोंड्याच्या वाचन मंडळात यावेळी मिरियम टेव्ज यांची ‘विमेन टॉकिंग’ ही कादंबरी घेतली. अर्ध्याजणी वैतागल्या, म्हणे आठ बायका गवताच्या माळ्यावर बसून दोन दिवस नुसत्या बोलतात, घडत काहीच नाही. वर सगळं सांगणारा पुरुष! आणि असं खरंच झालेलं का?

उत्तर : झालेलं, आणि कादंबरीपेक्षा भयंकर. बोलिव्हियात मॅनिटोबा कॉलनी म्हणून मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची वस्ती आहे, तिथं २००५ ते २००९ या काळात काही पुरुष रात्री घरात गुंगीचा स्प्रे मारून (जनावरांना भूल द्यायचं औषध हो!) बायकामुलींवर अत्याचार करायचे, आणि सकाळी बायका सांगायला गेल्या तर भूतबाधा नाहीतर मनाचे खेळ म्हणून त्यांना गप्प केलं जायचं. २०११ मध्ये कोर्टानं सात जणांना २५ वर्षं दिली. कादंबरी सुरू होते ती हे सगळं होऊन गेल्यावर, म्हणून ‘काही घडत नाही’.

पुरुष का, तर बायकांना लिहितावाचताच येत नाही, बैठकीची मिनिट्स कोण लिहिणार? ऑगस्ट नावाच्या त्या पुरुषाला येतं म्हणून तो. आपल्या महिला मंडळात मिनिट्स लिहायची वेळ आली की सगळ्या एकमेकींकडं बघतात तसं नाहीये हे, इथं शिकूच दिलेलं नाही. मतदानसुद्धा चित्रं काढून, आपल्या निवडणुकीतल्या निशाणीसारखं : गप्प राहायचं, थांबून लढायचं की निघून जायचं.

मला विचाराल तर खरी गोष्ट माफीची आहे. वस्तीचा प्रमुख म्हणतो त्या पुरुषांना माफ करा, नाहीतर वस्ती सोडा, मग स्वर्गाचं दार बंद. आता जबरदस्तीनं दिलेली माफी देवाला तरी चालेल का, यावर त्या तासन्तास भांडतात, त्या देवावर त्यांची श्रद्धा आहे म्हणून भांडतात, आणि हीच पानं मंडळात कंटाळवाणी म्हणून सोडली असतील अशी मला शंका आहे. निघून जायचं तर नकाशाही नाही, भाषासुद्धा वस्तीतलीच तेवढी येते. आपल्या गोव्यात लग्नानंतर मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा कायद्यात तरी आहे, मागायला किती जणी जातात ते तुम्ही मला सांगा.

पुढच्या वेळी ती माफीची चार पानं मोठ्यानं वाचा. चहा मात्र आधीच उरकून घ्या, नंतर कुणाला आठवायचा नाही.