जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बुलेट ३५०चं जेटिंग (कार्ब्युरेटरचे जेट जुळवणं) करायला कुठला एएफआर गेज, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा गेज, घ्यावा? स्क्रॅपमधल्या कारचा ऑक्सिजन सेन्सर चालेल का?

स्क्रॅपमधला सेन्सर नको. बहुतेक जुन्या कारमध्ये नॅरोबँड असतो. लॅम्डा १ म्हणजे हवा-पेट्रोल अगदी योग्य प्रमाणात, १पेक्षा कमी म्हणजे पेट्रोल जास्त. मिश्रण लॅम्डा १च्या आसपास असलं की त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९च्या मध्ये झपकन पलटतो. त्यामुळे ‘रिच’ (पेट्रोल जास्त) की ‘लीन’ (पेट्रोल कमी) एवढंच कळतं, किती ते नाही. त्याला जोडलेला रंगीत दिव्यांचा गेज नुसता नाचतो. एअर-कूल्ड इंजिनाला फुल थ्रॉटलवर लॅम्डा ०.८५ ते ०.८८ लागतो आणि नॅरोबँड नेमका तिथेच आंधळा असतो.

किती ते मोजणारा वाइडबँडच घ्या, त्यातही बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर वापरणारा. जुन्या ४.२ला मोकळ्या हवेत कॅलिब्रेट करत राहावं लागतं, ४.९ला सहसा लागत नाही. एईएम एक्स-सीरीज किंवा इनोव्हेटचा एमटीएक्स-एल प्लस, दोन्ही चालतील. डायल कसा दिसतो यावर पैसे घालवू नका. सेन्सरचा कनेक्टर मात्र कापून वायर जोडू नका. त्या सेन्सरसाठी ट्रिम केलेला रेझिस्टर त्यातच असतो.

गेज लॅम्डावर ठेवा. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि त्याचं हवा-इंधनाचं योग्य प्रमाण शुद्ध पेट्रोलसारखं १४.७ नाही, साधारण १३.५ आहे. पेट्रोलच्या स्केलवरचा गेज तरीही १४.७च दाखवणार. लॅम्डात हा घोळच नाही.

खरी गंमत बसवण्यात आहे. बेंडपाइपला (इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपला) एम१८ × १.५चा बंग, म्हणजे सेन्सर बसवायचा आट्यांचा नट, वेल्ड करून घ्या, सेन्सर आडव्यापेक्षा किमान दहा अंश वर कललेला, म्हणजे पाणी त्यावर साचणार नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी लावलात तर आयडलला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि रीडिंग खोटं लीन येतं. बेंडपाइपचा गॅस्केट लीक असेल किंवा इंजिन मिसिंग मारत असेल तरी तसंच होतं. हे न तपासता मेन जेट मोठा करणारे मेकॅनिक कमी नाहीत.

सेन्सरमधला हीटर दोन-तीन अँपिअर खातो, म्हणून बॅटरी आणि चार्जिंग आधी बघा. सहा व्होल्टची गाडी असेल तर वेगळी १२ व्होल्टची बॅटरी जोडा.

आणि एका सिलिंडरच्या गाडीवर गेज कायमचा कशाला? मित्राचा आणा, कार्ब्युरेटरचा पायलट जेट, सुई, मेन जेट जुळवा, सेन्सर काढून बंगला प्लग मारा. पॉवर न देता सेन्सर पाइपमध्ये सोडलात तर काजळीने खराब होतो.