मुसके, मुसक्या आणि मळणीचा बैल

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेत पाळकसाहेबांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, पगाराचा विषय निघाला, तेव्हा एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, "शास्त्र सांगतं, मळणीच्या बैलाच्या मुसक्या बांधू नका!" पगारवाढ मंजूर झाली. पण प्रश्नकर्त्याच्या डोक्यात तीन किडे वळवळत राहिले. इथे 'मुसक्या' बरोबर की 'मुसके'? पोलीस आरोपीच्या मुसक्या आवळतात, त्या याच का? आणि बैलाच्या चाऱ्याचा नियम पाळकांच्या पगाराला कुठून चिकटला? जाता जाता त्यांनी विचारलं आहे की, "देवाला बैलांची काय काळजी" असं येशूचा प्रेषित पौल याने खरंच लिहिलं आहे का?

आधी शब्द. मुसके म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधायची जाळी, सुतळीची, काथ्याची नाहीतर अंबाडीच्या वाखाची. बोलताना मुसकं. नपुंसकलिंगी शब्द आहे, म्हणून मडके–मडकी, खळे–खळी, तसं मुसके–मुसकी. एका बैलाला मुसके, दोघांना मुसकी. 'मुसक्या' हे अनेकवचन या शब्दापासून होतच नाही. ते काठी–काठ्या या वळणाचं, म्हणजे स्त्रीलिंगी मुसकीचं अनेकवचन आहे, आणि तिचा तोंडाशी संबंध नाही. मुसक्या बांधणे म्हणजे माणसाचे दोन्ही दंड पाठीमागे ओढून करकचून बांधणे. हिंदीत 'मुश्कें कसना' म्हणतात ते हेच. तिथे मुश्क म्हणजे दंड, बाहू. क्रियापदंही बघा. मुसके आपण बांधतो किंवा घालतो, आवळत नाही. आवळलं तर बैलाला श्वास घेता येणार नाही. मुसक्या मात्र आवळायच्याच असतात. तेव्हा सभेतल्या काकांनी बैलाला अटकच करवली म्हणायची. मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, शब्द 'मुसके' असाच आहे.

याच घोळक्यात तिसरा एक शब्द फिरत असतो, मुस्कटदाबी. मुस्कट म्हणजे तोंड, गाल, थोबाड. 'मुस्कटात दिली' म्हणतो तेच. मुस्कटदाबीत खाणं बंद होत नाही, बोलणं बंद होतं. हा फरक लक्षात असू द्या, पुढे ग्रीकमध्ये लागणार आहे.

आता बैल. आपल्याकडे मुसक्याची आठवण निघते ती बहुधा कोळपणीची. दोन ओळींमधून कोळपं चालताना बैल उभ्या पिकात तोंड घालतो, म्हणून मुसके. त्यात कुणाला काही क्रूर वाटत नाही, पीक वाचवायचं तर ते लागतंच. मोशेच्या नियमशास्त्रातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांतला, शब्द मात्र नेमका मळणीचा आहे, आणि मळणीची गोष्ट वेगळी. खळं चोपून, शेणाने सारवून तयार केलेलं, मधोमध तिवडा, म्हणजे खांब, रोवलेला, त्याला जुंपलेली बैलांची पात कणसांवरून गोल गोल फिरते आहे. बैल दिवसभर धान्यातच उभा असतो. पायाखाली धान्य, नाकापुढे धान्य, आणि ते कणसातून मोकळं होतंय त्याच्याच खुरांनी. तिथे त्याच्या तोंडाला जाळी बांधायची म्हणजे काय, हे ज्याने खळं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. मळणीयंत्र आल्यापासून खळी गेली आणि हे चित्रही गेलं, म्हणून हे वाक्य आता नुसतं 'वचन' उरलं आहे.

हे वाक्य अनुवाद या पुस्तकाच्या २५व्या अध्यायात, चौथ्या ओवीत येतं. (पुस्तकाचं नाव 'अनुवाद' पाहून बरेच जण बुचकळ्यात पडतात. इथे अर्थ भाषांतर नाही. अनु-वाद, म्हणजे आधी सांगितलेलं पुन्हा सांगणं; मोशे इस्राएल लोकांना नियम दुसऱ्यांदा ऐकवतो आहे.) मूळ हिब्रूत अवघे चार शब्द आहेत, 'लो ताखसोम शोर बदिशो'. नको बांधू तोंड, बैलाचं, त्याच्या मळणीत. यातल्या 'खासाम' या धातूपासून 'माखसोम' हा शब्द होतो, म्हणजे तोंडावरचा अडसर. आजच्या इस्राएलमध्ये रस्त्यावरच्या लष्करी तपासणी नाक्यालाही माखसोमच म्हणतात.

मला जास्त मोलाची वाटते ती या ओवीची जागा. मागेपुढे बैलाचं नावही नाही. २४व्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, आणि शेतात विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नका, ती परका, पोरका आणि विधवा यांची, असे नियम आहेत. २५व्याच्या सुरुवातीला गुन्हेगाराला चाळीसच्या वर फटके मारू नका, नाहीतर तुझा भाऊ तुझ्या नजरेत तुच्छ ठरेल, असं म्हटलं आहे. मग बैल. आणि लगेच पुढे निपुत्रिक वारलेल्या भावाच्या विधवेची सोय. म्हणजे मजूर, परका, विधवा, फटके खाणारा गुन्हेगार या रांगेत बैल उभा केलेला आहे. जे दुसऱ्याच्या हातात सापडलेले असतात, अशांची ही रांग आहे.

यहुदी शास्त्र्यांनी या चार शब्दांचा जो कीस पाडला तो वाचण्यासारखा आहे. बाबिलोनी तालमूद, म्हणजे त्यांच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्याच्या 'बावा मेत्सिया' या भागात चर्चा चालते. बैल म्हटलं म्हणजे फक्त बैल का? नाही, गाय, गाढव, कुठलंही जनावर. मग प्रश्न येतो पळवाटांचा. जाळी बांधली नाही, पण जनावराच्या तोंडात काटा रुतवून ठेवला तर? जवळ सिंह बसवला तर? गायीचं वासरू बाहेर उभं केलं, म्हणजे तिचं चित्त तिकडेच लागून राहील, तर? ती तहानलेली असताना पाणी पाजलंच नाही तर? मळणीवर कातडं पसरलं तर? ज्याने हे प्रश्न काढले त्याला शेतमालकांची चांगलीच ओळख असणार. सर्वांत मजेचा वाद आहे आवाजाचा. जनावराने तोंड खाली घातलं की मालक नुसता ओरडतो. जाळी नाही, काटा नाही, फक्त "हॅट!" हे मुसके झालं का? योहानान नावाचा शास्त्री म्हणतो, झालं, तो दोषी. दुसरा शास्त्री रेश लाकीश म्हणतो, नाही, आवाज म्हणजे कृती नव्हे. आणि मुसके बांधून मळणी केलीच तर शिक्षेवर भरपाईही आहे, गायीसाठी चार काव धान्य, गाढवासाठी तीन. काव हे तेव्हाचं माप.

बायबलातल्या होशेय संदेष्ट्याने एफ्राईमला, म्हणजे इस्राएल लोकांना, 'मळणीची आवड असलेली, शिकवलेली कालवड' म्हटलं आहे. कालवडीला मळणी का आवडावी? मानेवर ओझं कमी आणि तोंड मोकळं. हा नियम माहीत नसेल तर ती उपमा अर्धी कळते.

आता पौल. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ९व्या अध्यायात तो हे वाक्य उचलतो आणि विचारतो, देव बैलांची काळजी करतो काय? की हे आपल्यासाठीच म्हणतो? तेव्हा प्रश्नकर्त्याला उत्तर: हो, प्रश्नाच्या रूपात पौलाने ते लिहिलं आहे. पण त्यावरून पौलाला बैलांचं सोयरसुतक नव्हतं असं ठरवणं घाईचं होईल. 'आपल्यासाठीच' मधल्या त्या 'च'च्या जागी ग्रीकमध्ये 'पांतोस' हा शब्द आहे. त्याचा अर्थ 'सर्वस्वी' असाही होतो आणि 'नक्कीच' असाही. 'सर्वस्वी आपल्यासाठी' म्हटलं तर बैल बाहेर पडतो. 'नक्कीच आपल्यासाठीही' म्हटलं तर बैल आत राहून माणूस शेजारी येतो. मला दुसरा अर्थ पटतो, कारण पौल परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुद्यांच्या, परंपरेत शिकलेला माणूस. त्या परंपरेत हलक्याकडून जडाकडे जाण्याची युक्तिवादाची रीत पक्की होती. बैलाला इतकं, तर माणसाला किती? पहिली पायरी खोटी ठरवून दुसरीवर कसं चढणार? शिवाय ज्या शास्त्रात योनाच्या पुस्तकाचा शेवटचा शब्द निनवेतल्या गुराढोरांबद्दल आहे, ते शास्त्र त्याला पाठ होतं.

पौलाचा सहकारी तीमथ्य, त्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ५व्या अध्यायात, हेच वाक्य पुन्हा येतं, शेजारी 'कामकरी आपल्या मजुरीला योग्य आहे' हे वाक्य घेऊन. तिथलं ग्रीक क्रियापद 'फिमोओ', मुसके घालणे. आणि इथे ती मुस्कटदाबी उपयोगी पडते, कारण ग्रीकांनी याच क्रियापदाला तोंड गप्प करण्याचाही अर्थ दिला होता. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ४थ्या अध्यायात वादळ उठतं, येशू समुद्राला म्हणतो, "उगा राहा, शांत हो." त्यातलं दुसरं क्रियापद हेच. समुद्राच्या तोंडाला मुसके घातलं, असंच म्हणा. सदूकी या यहुदी पंथाच्या लोकांना येशूने निरुत्तर केलं, तिथेही शुभवर्तमान लिहिणारा मत्तय हेच क्रियापद वापरतो. मराठीत 'उगा', 'शांत', 'निरुत्तर' असे वेगवेगळे शब्द आले आहेत आणि तिथे तेच हवेत. फक्त बैल, वादळ आणि सदूकी एका दोरीत होते हे मराठी वाचकाला दिसत नाही, एवढंच.

तीमथ्याच्या त्याच अध्यायात, बैलाच्या आधीच्या ओवीत, उपदेश करण्यात श्रम घेणाऱ्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, 'दुप्पट सन्मान' द्या म्हटलं आहे. तिथला ग्रीक शब्द 'तिमे', मान आणि मोल दोन्ही. भाषांतरकारांनी सन्मान निवडला. आपल्याकडे या दोहोंना कवेत घेणारा शब्द रोजच्या वापरात आहे, मानधन. आणि तो वापरताना मान भरपूर नि धन बेताचं, हाही आपल्याकडचा अनुभव आहेच.

आता सभेतल्या काकांबद्दल. शास्त्रार्थ त्यांचा चुकला नाही. पौलाने हे वाक्य सुवार्तेचं काम करणाऱ्याच्या पोटासाठीच वापरलं आहे. पण माझं मत असं की या वाक्याचा मराठी मंडळ्यांत होणारा वापर अर्धाच होतो. एक तर हा नियम मालकाला सांगितलेला आहे. काकांनी, म्हणजे पैसे देणाऱ्या बाजूच्या माणसाने, तो म्हटला ते योग्यच. हेच वाक्य पाळक स्वतः व्यासपीठावरून स्वतःच्या पगारासाठी म्हणू लागले की विचित्र वाटतं. पौलाने काय केलं पाहा. हक्क आहे, हे बैल, सैनिक, द्राक्षमळेवाला, मेंढपाळ, मंदिराचे सेवक अशा साक्षी काढून तो शाबीत करतो, आणि शाबीत करून झाल्यावर म्हणतो, मी स्वतः या हक्काचा वापर केला नाही. करिंथमध्ये तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू करण्याचा धंदा करत होता. दुसऱ्याचा हक्क ठासून सांगायचा आणि आपला सोडायचा तर आपल्या खुशीने, असा तो अध्याय आहे. मंडळीने मात्र पाळकांना सांगू नये की पौलासारखे तंबू शिवा. ते बैलाने ठरवायचं.

दुसरं, बैल एकटा पाळकच का? चर्चची झाडलोट करणारा, घंटा वाजवणारा, पेटी वाजवणारी मुलगी, रविवार शाळेच्या बाई, यांनीही तेच खळं तुडवलेलं असतं. तालमूदने बैलाचा अर्थ 'कुठलंही जनावर' असा केला, तर आपण 'बैल म्हणजे फक्त रेव्हरंड' असा का करावा?

नगर भागातल्या मंडळ्यांना तर खळं परकं नाही. तिथल्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज महार-मांग समाजातले. गावगाड्यात वर्षभर काम करून सुगीला ते खळ्यावर बलुतं मागायला उभे राहत. पदरात किती पडेल ते खळेवाल्याच्या मर्जीवर. बैलाचा घास मर्जीवर ठेवायचा नाही, असा कायदा करणारं वाक्य त्यांच्या घरात वाचलं जाऊ लागलं तेव्हा ते कसं ऐकलं गेलं असेल, याचा विचार त्यावर प्रवचन करणाऱ्यांनी जरूर करावा. पगारवाढीपेक्षा मोठा विषय आहे तो.

उलट बाजूने कुणी विचारेल, मग बैलाने किती खायचं? त्याचंही उत्तर जवळपासच आहे. अनुवादाच्या २३व्या अध्यायाच्या शेवटी शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात पोटभर द्राक्षं खायला मुभा आहे, भांड्यात भरून न्यायला नाही. उभ्या पिकातली कणसं हाताने खुडायची, विळा लावायचा नाही. पोटभर घ्या, पोतं भरू नका. वाक्याची ही बाजू पुढल्या सभेत हिशेब वाचताना कुणीतरी काढेलच. काढली तर बरंच, पण तेव्हाही 'मुसके' म्हणा.