रत्नागिरीत चंदीगड-उटीसारखी सार्वजनिक गुलाबबाग करता येईल का? छाटणी कधी करावी?

करता येईल, पण बहर डिसेंबर ते फेब्रुवारीच धरा आणि छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात करा. छाटणीपासून साधारण ४५ ते ५० दिवसांत फुलं येतात. चंदीगडला कोरडी थंडी आहे, उटी २,२०० मीटरवर आहे. आपल्याकडे ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस. पानं सलग सात-आठ तास ओली राहिली की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते, पानं पिवळी पडून झाड खराट्यासारखं होतं. म्हणून वाफे जमिनीपासून फूटभर उंच हवेत, झाडांत अडीच-तीन फूट अंतर, पाणी सकाळी आणि बुंध्याशीच. जांभ्याची माती आम्लधर्मी असते. आधी तपासून मगच चुना घाला. छाटताना बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या (नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) पाव इंच वर तिरका काप द्या आणि जाड कापांवर लगेच बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावा, नाहीतर फांदी वरून काळी पडत खाली मरत येते. गळलेली पानं वाफ्यात अजिबात ठेवू नका, बुरशी त्यांच्यातूनच परत येते.

हायब्रीड टी (एका दांड्यावर एकच मोठं फूल येणारे गुलाब) यांच्यापेक्षा फ्लोरिबंडा (झुपक्यांनी फुलणारे गुलाब) जास्त लावा. मात्र समुद्राला लागून, खाऱ्या वाऱ्याच्या थेट माऱ्यात जागा असेल तर आधी कुंपणझाडं वाढवा, गुलाब नंतर.