नवऱ्याचा एएफपी ५२ आलाय, सोनोग्राफी-सीटी नॉर्मल. कॅन्सरच असेल का?

ताई, एएफपी म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीन, काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन. त्याचा आकडा किती महिन्यांपासून ५२ वर आहे ते तुम्ही लिहिलंच नाही. सगळं त्यावर आहे.

माझ्या धाकट्या भावाचं वृषणाच्या गाठीचं ऑपरेशन नागपुरातच झालं. त्यानंतर एएफपी दर पाच-सात दिवसांनी निम्म्यावर यायला हवा होता. याचा ३८, ३९, ३८, ३९. "कुठंतरी गाठ उरलीय" म्हणून केमो लावली. मे महिन्याचं ऊन, उशीवर केसांचे पुंजके, घोटभर पाणीही पोटात ठरेना. दोन सायकलनंतरचा रिपोर्ट: ३९.

सक्करदऱ्याच्या घरी मी सगळे रिपोर्ट दिवाणावर तारखेनं मांडले. कॅन्सर वाढेल नाहीतर दबेल, असा एका जागी बसून राहतो का? धंतोलीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "घरात आणखी कोणाचा तपासलाय?" थोरले काका भडकले. "धडधाकट माणसाचं रक्त कॅन्सरसाठी तपासता? अभद्र!" तरी आईला घेऊन गेले. आईचा ४४, माझा ३६.

हे प्रथिन गर्भाचं यकृत बनवतं. जन्मानंतर वर्षभरात ते जवळजवळ थांबतं, मोठ्या माणसात साधारण १० च्या आत. काही घराण्यांत या जनुकाला चालू-बंद करणाऱ्या भागात एका अक्षराचा फरक असतो, म्हणून ते पुरतं बंद होत नाही. आई किंवा बाप, एकाकडून आलं तरी पुरे. हा आजार नाही, याला औषध लागत नाही. उलट, ज्यांच्यात एएफपी जवळजवळ बनतच नाही अशी बाळंही जन्मतात आणि नीट वाढतात. मी गरोदर असताना डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं, नाहीतर माझ्या आकड्यावरून बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष आहे अशी शंका आली असती.

तेव्हा सासूबाईंचं, दिरांचं रक्त तपासा. घरचे नाही म्हणतील. भांडा.

हो, आकडा चढत असेल तर एक दिवसही थांबू नका. हेपॅटायटिस बी, सिरॉसिसमध्येही तो वाढतो, तेही बघून घ्या. आणि घराण्यातच असला म्हणून कॅन्सर होणार नाही असं नाही. भाऊ आजही स्कॅनला जातो.

काका अजून म्हणतात पोरगा त्या केमोनंच वाचला. काका, केमोआधी ३९ होता, केमोनंतर ३९, गेल्या महिन्यात ४०.