गोतोकुजीचं मांजर: 'लकी कॅट' की 'खुणावणारं मांजर'?

प्रश्न असा आहे: तोक्योच्या सेतागाया भागात गोतोकुजी नावाचं बौद्ध देऊळ आहे. एक पंजा वर केलेल्या पांढऱ्या मांजरांसाठी ते प्रसिद्ध आहे. त्यावर लेख लिहिताना मांजरांना 'लकी कॅट' म्हणावं, 'भाग्यमांजर' म्हणावं की 'मानेकी-नेको' तसंच ठेवावं? आणि देऊळ, मंदिर, विहार यांतलं काय वापरावं?

आधी मूळ शब्द. जपानीत 'मानेकु' म्हणजे बोलावणं, त्याचं जोडरूप 'मानेकी', आणि 'नेको' म्हणजे मांजर. म्हणजे 'बोलावणारं मांजर'. यात 'लकी' कुठेच नाही. हातवारे करून बोलावण्याला मराठीत नेमका शब्द आहे, खुणावणे. म्हणून 'खुणावणारं मांजर' हे भाषांतर सरस. शिवाय ही खूण आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. तळवा खाली ठेवून बोटं हलवत 'ये, ये' म्हणायची पद्धत आपलीही आहे. पाश्चात्त्यांना तोच हात निरोपाचा वाटतो, म्हणून त्यांच्यासाठी घडवलेल्या काही मांजरांचा पंजा उलटा, मागची बाजू पुढे असलेला दिसतो.

मात्र 'हात वर केलेलं मांजर' लिहू नका. मराठीत हात वर करणारा जबाबदारी झटकतो, आणि या मांजराचं काम त्याच्या नेमकं उलट आहे. 'पंजा उचललेलं' म्हणा.

'भाग्यमांजर'मध्ये तत्सम आणि तद्भव शब्दांचा सांधा आहे. तो कानाला खटकला तरी चालून जाईल, अर्थ मात्र चालत नाही. बाजारातल्या पुष्कळ मानेकी-नेकोंच्या पंजात कोबान, म्हणजे एदो काळातलं (1603 ते 1868) लंबगोल सोन्याचं नाणं असतं. गोतोकुजीच्या मांजराकडे ते नसतं. त्याचा उजवा पंजा वर, गळ्यात तांबडा पट्टा आणि घंटी, एवढंच. देवळाचं म्हणणं असं की मांजर संपत्ती आणून देत नाही, 'एन' आणून देतं. पुढचं ज्याचं त्याने करायचं. या 'एन'साठी 'नशीब' हा शब्द चुकेल, 'योग' बरोबर बसेल. 'योग आला', 'योग जुळून आला' म्हणताना आपण जे म्हणतो तेच ते. माणसामाणसांतल्या नात्याबद्दल असेल तेव्हा 'ऋणानुबंध' म्हणावं. आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्यावर बॅटरीवर हात हलवणारं सोनेरी प्लास्टिकचं मांजर असतं, त्याला 'चायनीज लकी कॅट' म्हणतात. ते याच कुळातलं, पण कूळ जपानी. जपानी चित्रकार हिरोशिगेच्या 1852च्या एका चित्रात अशी मांजरं विकणारं दुकान दिसतं.

आता 'गोतोकुजी'. मराठी वाचकाला इथे 'गांधीजी'तला 'जी' दिसतो आणि गोतोकु नावाचे कोणी गुरुजी असावेत असं वाटतं. हा 'जी' म्हणजे बौद्ध देऊळ. 'गोतोकु' हे हिकोने संस्थानाचा अधिपती ई नाओताका याच्या मरणोत्तर नावातून आलं. तो 1659मध्ये वारला, आणि तोवर 'कोतोकुआन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवळाला हे नाव मिळालं. याच नाओताकाला शिकारीहून परतताना देवळाच्या दारातल्या मांजराने आत बोलावलं आणि तो वादळातून वाचला, अशी आख्यायिका आहे. 'आख्यायिका' हाच शब्द ठेवा, 'इतिहास' नको. इतिहास हवा असेल तर ई घराण्याची समाधिस्थळं तिथेच आहेत. 1860मध्ये एदोच्या (आजच्या तोक्योच्या) किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर मारला गेलेला शोगुनशाहीचा मुख्य मंत्री ई नाओसुके याची समाधीही तिथेच आहे.

'जी' म्हणजेच देऊळ, तर 'गोतोकुजी देऊळ' ही द्विरुक्ती नाही का? आहे. पण 'अद्रि' म्हणजे पर्वत असूनही आपण 'सह्याद्री पर्वत' म्हणतोच. शिवाय इथे द्विरुक्ती उपयोगी पडते, कारण ओदाक्यू मार्गावरच्या स्टेशनचं नावही गोतोकुजीच आहे. नुसतं 'गोतोकुजीला उतरून गोतोकुजीला जा' लिहिलं तर वाचक गोंधळेल. (देवळाला अधिक जवळचं स्टेशन मियानोसाका, सेतागाया मार्गावरचं.)

'विहार' टाळावं. मूळ अर्थ भिक्खूंचं निवासस्थान, आणि आजच्या मराठीत 'बुद्धविहार' म्हटलं की आंबेडकरी परंपरेतली वास्तू डोळ्यांसमोर येते. गोतोकुजी हे सोतो झेन या जपानी बौद्ध पंथाचं. 'मंदिर' चालेल, 'देऊळ' जास्त घरगुती. एक मात्र पाळा: तोक्योतल्याच असाकुसाचं इमादो हेही मानेकी-नेकोचं मूळस्थान म्हणून सांगितलं जातं, पण ते 'जिंजा' आहे, म्हणजे शिंतो या जपानच्या मूळ धर्माचं देवस्थान. त्याला बौद्ध देऊळ म्हणणं ही प्रवासलेखांतली नेहमीची चूक. आणि देवळाला 'भेट देतात' हा इंग्रजी वळसा कशाला? मराठी माणूस देवळात जातो, दर्शन घेतो.

दर्शन कुणाचं, हेही लिहिताना बिघडतं. मांजर हा देव नाही. शोफुकुदेन नावाच्या दालनातला देव म्हणजे कान्नोन, आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या लेणे क्रमांक 1मधला पद्मपाणी तो हाच. मांजरं त्याचे सेवक. षष्ठीदेवीच्या आठवणीने 'वाहन' लिहायचा मोह होईल, पण कान्नोन मांजरावर बसत नाही. 'गण' म्हणा. म्हणून त्यांना 'मूर्ती'ही म्हणू नये, 'चिनीमातीची मांजरं' पुरे. मांजर घरी न्यायचं, इच्छा पूर्ण झाली की परत आणून दालनाशेजारच्या जागेत ठेवायचं, असा मूळ रिवाज. यालाच 'नवस फेडणे' म्हणावंसं वाटतं, पण नवसात आधी कबूल केलेलं काही द्यावं लागतं, इथे तसं काही बोललेलं नसतं. 'वाहिलेलं मांजर' हे अचूक. शेकडो मांजरं रांगेत दिसतात ती अशी वाहिलेली. आता पुष्कळ जण विकत घेऊन तिथल्या तिथेच ठेवतात, त्यांच्यासाठीही 'वाहणे' चालतं.

राहिलं लेखन. जपानी 'आ' आपण 'नागासाकी', 'यामाहा'प्रमाणे काना देऊन लिहितो, म्हणून 'मानेकी'. शेवटची इ मुळात ऱ्हस्व असली तरी मराठीत अंत्य इकार दीर्घ. 'त' दंत्य, 'गोटोकुजी' नाही. लिंग 'मांजर'वरून नपुंसक: ते मानेकी-नेको. रूपं 'फोटो'सारखी: नेकोला, नेकोंना. मधली संयोगरेषा गाळू नका. ती नसली आणि फोनने परस्पर शब्द दुरुस्त केला की 'मानेकी नको' छापून येतं, आणि दारात बोलावणारं मांजर पाहुण्याला हाकलायला लागतं.