पिवळ्या गुलाबाला ‘नील’ नाव कसे?

प्रश्न : पाचगणीच्या आमच्या जुन्या घरी व्हरांड्याच्या खांबावर आजोबांनी चढवलेला एक पिवळा वेलगुलाब आहे. घरात सगळे त्याला ‘मार्शल नील’ म्हणतात. फुले मान खाली घालून उमलतात आणि त्यांच्या वासाने चहाची आठवण होते. पिवळ्या फुलाला ‘नील’ नाव कसे पडले? आजच्या पिवळ्या गुलाबांना असा वास का नसतो? अलीकडे फुले फार कमी येतात, त्यावर काय करावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : या नावाचा निळ्या रंगाशी काहीही संबंध नाही. अदोल्फ निएल या फ्रेंच सेनानींना १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर मार्शलपद मिळाले आणि १८६४ मध्ये दक्षिण फ्रान्समधील मोंतोबाँ येथील प्रादेल या रोपवाटिकाकाराने आपल्या नव्या गुलाबाला त्यांचे नाव दिले. ‘मारेशाल निएल’चे आपल्याकडे ‘मार्शल नील’ झाले.

त्याची वंशावळ मात्र फ्रान्सपुरती मर्यादित नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत, दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्स्टन येथे, कस्तुरी गुलाब आणि चिनी गुलाब यांच्या संकरातून झुबक्यांनी फुलणारे ‘नॉयझेट’ घराणे निर्माण झाले. १८२४ मध्ये जॉन पार्क्स यांनी चीनहून इंग्लंडला फिकट पिवळा, चहासारख्या वासाचा ‘टी’ गुलाब नेला, आणि त्याचा नॉयझेटशी संबंध आल्यावर १८३० मध्ये ‘लामार्क’ हा गुलाब, त्याच्या बीपासून १८४३ मध्ये ‘क्रोमाटेला’ आणि त्याच ओळीत पुढे, ‘इझाबेला ग्रे’मार्फत, तुमचा गुलाब आला, असे मानले जाते. याचा अर्थ असा की पिवळा रंग आणि चहाचा वास ही दोन्ही त्याला एकाच चिनी पूर्वजाकडून मिळाली आहेत. थंडी न सोसण्याचा गुणही तिकडचाच. म्हणून इंग्लंडमध्ये त्याला काचघरात जपावे लागे.

आजचा झगझगीत पिवळा रंग वेगळ्या घरचा आहे. फ्रान्समधील लिओंच्या पेर्ने-दुशे या गुलाब-पैदासकारांनी इराणी पिवळ्या गुलाबाचा संकर साधून १९०० मध्ये ‘सोलेई दोर’ आणला, आणि आधुनिक पिवळ्या व केशरी गुलाबांचा उगम तिथे आहे. त्या इराणी गुलाबाच्या जातीचे लॅटिन नावच मुळी ‘दुर्गंधी’ या अर्थाचे आहे. शिवाय पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाला तो सहज बळी पडतो, आणि तो दोषही पुढच्या पिढ्यांत उतरला. तरी सगळा दोष या पूर्वजाचा नाही, कारण पुढे निवड करताना ठसठशीत रंग, ताठ देठ आणि फुलदाणीतील टिकाऊपणा पाहिला गेला आणि वास मागे पडला. माझ्या मते हे मोठे नुकसान आहे.

मान खाली घालण्याला पुष्कळ जण या गुलाबाचा दोष मानतात, परंतु मला ते पटत नाही. भरगच्च पाकळ्यांचे ते जड फूल बारीक देठाला पेलत नाही हे खरे. पण वेल डोक्याच्या वर चढलेला असला की तेच फूल खाली उभ्या असलेल्या माणसाच्या अगदी चेहऱ्यासमोर येते, आणि गाभ्यातील गडद पिवळा रंग कडेकडे फिकट होत गेलेला तिथूनच नीट दिसतो.

फुले कमी येण्याचे कारण बहुधा छाटणीत असावे. हा गुलाब मुख्यतः आदल्या वर्षीच्या लांब फांद्यांवर फुलतो, त्यामुळे इतर गुलाबांप्रमाणे ऑक्टोबरमध्ये त्याची खरड (म्हणजे फांद्या खूप आखूड करणारी) छाटणी केली, तर पुढचा बहरच कापला जातो. फक्त वाळलेल्या आणि फार जुन्या फांद्या बुडापासून काढाव्यात. नव्या लांब फांद्या उभ्या न सोडता तारेवर आडव्या वाकवून बांधाव्यात, म्हणजे त्यांच्या जवळपास प्रत्येक डोळ्यातून (फांदीवरच्या कोंबातून) फुलाची फांदी फुटते. तुमचा वेल वयाने मोठा आहे, तेव्हा तो गेला तरी वाण टिकावा म्हणून येत्या थंडीत त्याचे डोळे गावठी गुलाबाच्या दोन-तीन खुंटांवर (कलमासाठीच्या मुळाच्या रोपांवर) जाणकार माळ्याकडून भरून, म्हणजे कलम करून, घ्यावेत.